चौक ते जंजिरा : बस आणि शिडाच्या होडीने एक दिवस

कर्जत-खालापूर परिसरात डोंगर, धबधबे आणि धरणे यांची वाण नाही. चौकच्या डोक्यावर इर्शाळगड उभा आहे आणि पायथ्याशी मोरबे धरणाचा जलाशय पसरला आहे. परंतु डोंगरांच्या कुशीत शिरलेले समुद्राचे पाणी पाहावयाचे असेल, तर मुरूड तालुक्यातील राजपुरीची खाडी गाठावी लागते. दिवाळीनंतर शाळांच्या सहली आणि मंडळांच्या खासगी बस याच मार्गाला लागतात. पहाटे निघून रात्री परतता येते.

या खाडीची तुलना हौशी पर्यटक नॉर्वेच्या फ्योर्डशी करतात. ती दिसण्यापुरती ठीक आहे. फ्योर्ड हिमनदीने कोरलेले असते. त्यामुळे त्याचे कडे उभे आणि तळ अतिशय खोल असतो. नॉर्वेतील सोग्नेफ्योर्डची खोली १,३०० मीटरहून अधिक आहे. कोकणात हिमनद्या नव्हत्या. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभराहून अधिक मीटर खाली होती. बर्फ वितळून ती चढली, तेव्हा पश्चिमवाहिनी नद्यांच्या मुखाकडील दऱ्या पाण्याखाली गेल्या. राजपुरीची खाडी अशीच बुडालेली दरी आहे. तिच्या आतल्या टोकाला मांदाडजवळ कुडे लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीचे व्यापारी आणि भिक्षू याच जलमार्गाच्या आधाराने राहत होते.

चौकहून दांडफाटा, रसायनी, खारपाडामार्गे किंवा खोपोलीमार्गे पेण गाठता येते. पुढे वडखळ, अलिबाग, रेवदंडा, काशीद आणि मुरूड असा मार्ग आहे. अंतर एका बाजूने सव्वाशे किलोमीटरच्या आसपास असले, तरी मोठ्या बसला चार तास सहज लागतात. रेवदंड्याला कुंडलिकेची खाडी ओलांडली, की समोर कोर्लईचा किल्ला दिसतो. तेथून समुद्र उजव्या हाताला आणि फणसाड अभयारण्याचे डोंगर डाव्या हाताला राहतात. बसमधील झोपलेल्यांना उठवावे, असा हा टप्पा आहे.

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या जंजिऱ्याकडे निघतात. किल्ल्याचा मुख्य दरवाजा राजपुरीकडे तोंड करून असला, तरी तटाच्या रचनेमुळे होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो नजरेस येत नाही. ‘जंजिरा’ हा शब्द बेट या अर्थाच्या अरबी ‘जझीरा’वरून आला. सिद्दींपूर्वी येथे कोळ्यांचा मेढेकोट होता आणि परंपरा राम पाटलाचे नाव सांगते. वाटाडे हा भाग दोन वाक्यांत उरकतात आणि भुयारांच्या सुरस कथांवर रेंगाळतात. प्रश्न विचारून त्यांना मागे आणावे. संभाजी महाराजांनी १६८२ च्या सुमारास किल्ल्याला वेढा घालून खाडीत सेतू बांधण्याचा प्रयत्न केला होता, तरीही किल्ला मराठ्यांना मिळाला नाही. सिद्दींचे संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले. आत कलालबांगडी तोफ आणि गोड्या पाण्याचे तलाव आहेत. चारी बाजूंनी खारे पाणी असताना हे तलाव कसे टिकले, याचे नवल मुलांना तोफेपेक्षा अधिक वाटते. होडी खाली थांबलेली असल्याने किल्ल्यात तासाभराहून जास्त वेळ सहसा मिळत नाही.

या सहलीतील कसोटीचा क्षण म्हणजे दरवाजासमोर होडीतून पायरीवर पाऊल टाकण्याचा. लाटेबरोबर होडी वरखाली होते आणि वृद्ध व लहान मुले तेथेच गडबडतात. नावाड्याने हात दिल्याशिवाय कोणी उठू नये. दुपारनंतर वारा वाढतो, म्हणून सकाळची फेरी उत्तम. निघण्याचा दिवस ठरवताना कोकणातील जुना हिशेब उपयोगी पडतो : तिथीला पाऊणने गुणले, की भरतीची वेळ ढोबळमानाने कळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग असतो. पावसाळ्यात ही जलवाहतूक बंद असते.

सहलीच्या प्रमुखांनी दोन तारखा लक्षात ठेवाव्यात. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडाले. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून १५ जणांचा मृत्यू झाला. पहिली दुर्घटना किनाऱ्यावरच्या पोहण्यातील होती, हे विशेष. होडीत जीवरक्षक जाकीट मागून घेणारे शिक्षक, परतीच्या वाटेवर ‘अर्धा तास पाण्यात खेळा’ म्हणून मुलांना मोकळे सोडतात. मुरूड किंवा काशीदला थांबायचेच असेल, तर ते ओहोटीच्या वेळी मुळीच नको. ओसरणारे पाणी माणसाला आत ओढते.

वेळ उरल्यास आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या जंगल जेटीने खाडी ओलांडून परत यावे. तिच्यावर वाहनेही चढतात. खाडीची रुंदी आणि दोन्ही तीरांवरचे डोंगर किल्ल्याच्या तटापेक्षा येथून अधिक मोकळे दिसतात. पलीकडे दिघी बंदराचा धक्का आहे. जेटीच्या फेऱ्यांची वेळ मात्र आगरदांड्याला उतरताच विचारावी. शेवटची फेरी चुकली, तर बसला दिघीहून म्हसळा-माणगावचा लांबचा वळसा घ्यावा लागतो.