ट्राम गेली, कोंडी राहिली

मुंबईत पहिली ट्राम धावली ९ मे १८७४ रोजी. कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी असे तिचे दोन मार्ग होते आणि ती घोडे ओढीत. १९०७ साली विजेची ट्राम आली, १९२६ साली मोटार-बस. पुढे मोटारी वाढल्या, तशी रुळांना बांधलेली संथ ट्राम वाटेतली धोंड वाटू लागली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम निघाली, तेव्हा तिला निरोप द्यायला रस्त्यावर माणसांची दाटी झाली होती.

धोंड दूर झाली. मग रस्ता मोकळा झाला का? नाही. बसच्या जागेत दोन-तीन मोटारी मावतात. बसमधून चाळीस-पन्नास माणसे जातात. मोटारीत बहुधा एकटा-दुकटाच असतो. मग वाट अडवतो कोण? चार अनोळखी माणसे भाडे वाटून घेऊन एकाच टॅक्सीत बसतात, तेव्हा हे गणित त्यांनी सोडवलेलेच असते. रस्त्यावरून गाड्या किती गेल्या हे आपण मोजत आलो. माणसे किती पोचली, हे नगरपित्यांना विचारण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे.