शरणपूरहून मोंबासाला: ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ आणि पूर्व आफ्रिकेतील चर्च

१/ पूर्व आफ्रिकेतील चर्चच्या इतिहासात ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ हे नाव वारंवार भेटते. हे लोक जन्माने आफ्रिकन. शिक्षण मात्र मुंबई-नाशिकचे. वेगवेगळ्या पंथांच्या मिशनांनी परस्परांना दिलेल्या साहाय्याची ही कथा आहे. तो भार प्रत्यक्षात कोणी वाहिला, याचीही. #धागा

२/ आरंभ रत्नागिरी जिल्ह्यात आहे. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी बाणकोटला आले, नंतर हर्णैलाही त्यांचे ठाणे झाले. १८२९ मध्ये आलेले जॉन विल्सन मराठी शिकण्यासाठी प्रथम हर्णैलाच राहिले. पुढे त्यांनी मुंबईत शाळा काढली. आजचे विल्सन कॉलेज त्याच परंपरेतले.

३/ १८६४ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन ‘लेडी न्यासा’ ही छोटी आगबोट झांजिबारहून मुंबईला घेऊन आले. सोबत चुमा आणि विकाटनी ही गुलामगिरीतून सुटलेली मुले होती. अँग्लिकन मिशनच्या आश्रयाला काही काळ राहिलेल्या या मुलांना त्यांनी विल्सन यांच्या प्रेस्बिटेरियन शाळेत ठेवले. मायदेशी तीव्र असलेला पंथभेद येथे आड आला नाही.

४/ नाशिकचे शरणपूर ही अँग्लिकनांच्या चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत. १८५० च्या दशकात विल्यम सॉल्टर प्राइस यांनी वसवलेली. ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडी. सुटलेली मुले मुंबईला उतरवली जात आणि त्यांतील अनेक शरणपूरला येत. तेथे लेखन-वाचनाबरोबर सुतारकाम, लोहारकाम शिकवले जाई. आईबाप, गाव, बहुधा मूळ नावही मागे राहिलेले. ‘प्राइस’, ‘आयझेनबर्ग’ ही त्यांची आडनावे मिशनऱ्यांची होती!

५/ मोंबासाजवळ राबाई येथे जर्मन मिशनरी योहानेस रेबमान जवळजवळ एकटेच उरले होते. १८६४ मध्ये त्यांच्या मदतीला विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर आणि जॉर्ज डेव्हिड हे शरणपूरचे तरुण गेले.

६/ १८६६ च्या मोहिमेत लिव्हिंग्स्टन यांनी शरणपूरचे नऊ तरुण नेले. चुमा आणि विकाटनीही होतेच. १८७२ मध्ये आणखी सहा जण त्यांच्याकडे गेले. १ मे १८७३ च्या सुमारास लिव्हिंग्स्टन वारले. हृदय तेथेच झाडाखाली पुरले गेले, तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती शरणपूरच्या जेकब वेनराइट याने. झाडावर नावही त्यानेच कोरले. सुकवलेले पार्थिव घेऊन हा तांडा महिनोन्‌महिने चालत किनाऱ्यापर्यंत आला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनाला त्या सोबत्यांपैकी एकटा वेनराइट उपस्थित होता.

७/ १८७३ मध्ये मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या शिष्टाईनंतर झांजिबारच्या सुलतानाने गुलामांचा सागरी व्यापार बंद करण्याचा करार केला. सुटलेल्यांसाठी मोंबासाजवळ ‘फ्रिअरटाउन’ वसले. ते उभारायला शरणपूरचेच प्राइस गेले, आणि सुमारे १५० बॉम्बे आफ्रिकन्स कारागीर, शिक्षक, दुभाषे, उपदेशक म्हणून कामाला लागले.

८/ येथे सहकार्य हा शब्द जपून वापरावा लागतो. युरोपीय मिशनऱ्यांच्या लेखी हे शिकलेले आफ्रिकन बरोबरीचे सहकारी नव्हते. वेतन आणि वागणूक यांवरून तंटे होत. स्थानिकांनाही ते परकेच वाटत. तरी राबाईत जोन्स यांनी पळून आलेल्या गुलामांना आश्रय दिला. मालक चिडले, मिशन अडचणीत आले. अखेर व्यापारी कंपनीने मालकांना भरपाई दिली आणि १८८९ च्या आरंभी मिशनांच्या आश्रयाला असलेले सुमारे १,४०० जण मुक्त झाले. शेजारच्या रिबे येथील मेथॉडिस्ट मिशनचे आश्रितही त्यांत होते.

९/ १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी जोन्स आणि सेम्लर यांना डीकनपदाची दीक्षा दिली. त्याच वर्षी युगांडाच्या वाटेवर बिशपांची हत्या झाली. मागे ठेवलेला तांडा राबाईला परत आणला जोन्स यांनी.

१०/ १९१३ मध्ये किकुयू येथे अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, मेथॉडिस्ट आदी मिशने एकत्र काम करण्याची योजना ठरवायला जमली. शेवटी सर्वांनी एकत्र प्रभुभोजन घेतले, आणि झांजिबारचे बिशप वेस्टन यांनी मोंबासा आणि युगांडाच्या बिशपांवर थेट पाखंडाचा आरोप ठेवला! हा वाद इंग्लंडपर्यंत गाजला. तेव्हा शरणपूरचे मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासातच राहत होते. लिव्हिंग्स्टन यांचे पार्थिव किनाऱ्यावर आणणाऱ्यांपैकी ते एक. १९३५ पर्यंत हयात होते.