कारागृह कर्मचाऱ्यांचा शस्त्र परवाना

महाराष्ट्रातील सेवारत अथवा निवृत्त कारागृह कर्मचाऱ्यांना केवळ पदाच्या आधारे खाजगी शस्त्र बाळगता येत नाही. इतर नागरिकांप्रमाणे त्यांनाही 'शस्त्र अधिनियम, १९५९' खाली परवाना घ्यावा लागतो.

शासकीय व खाजगी शस्त्र

अधिनियमाच्या कलम ४५ नुसार लोकसेवकाने कर्तव्य बजावताना बाळगलेल्या शस्त्रास परवाना लागत नाही. ही सवलत कर्तव्यापुरतीच असते. कैद्यांशी आलेले वैर मात्र कर्तव्याची वेळ संपल्यावर किंवा निवृत्तीनंतर संपतेच असे नाही. त्यामुळे खाजगी परवान्याचा प्रश्न उद्भवतो.

परवान्याचा आधार

'शस्त्र नियम, २०१६' मध्ये संरक्षण दले, केंद्रीय सशस्त्र पोलीस दले व राज्य पोलीस दल यांतील आजी-माजी व्यक्तींचा स्वतंत्र उल्लेख आहे. कारागृह सेवेचा नाही. म्हणून कारागृह कर्मचाऱ्यास 'नोकरीच्या स्वरूपामुळे जीविताच्या किंवा मालमत्तेच्या रक्षणाची खरी गरज' या सर्वसाधारण तरतुदीचा आधार घ्यावा लागतो.

प्रक्रिया

रत्नागिरी विशेष कारागृहातील कर्मचारी रत्नागिरीतच राहत असल्यास त्याचा अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जातो. पुण्यासारख्या शहरात तो पोलीस आयुक्तांकडे करावा लागतो. निर्णयापूर्वी पोलीस ठाण्याचा अहवाल मागविला जातो. परवाना नाकारल्यास कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि कलम १८ नुसार अपील करता येते. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षे झाली, तर एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची सर्वसाधारण मर्यादा ३ वरून २ वर आली.

सार्वजनिक ठिकाणी शस्त्र नेणे

परवानाधारकाने पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर म्यानात अथवा तत्सम आवरणात, पूर्णपणे झाकून आणि स्वतःच्या ताब्यात ठेवून न्यावे, असे नियम सांगतात. म्हणजे शस्त्र झाकून नेणे हा भारतात वेगळा हक्क नसून परवान्यासोबत येणारे बंधन आहे.

अमेरिकेतील तरतूद

अमेरिकेत २००४ च्या संघीय कायद्याने पात्र सेवारत व निवृत्त कायदा अंमलबजावणी अधिकाऱ्यांना बहुतेक राज्यीय निर्बंधांपासून सूट देऊन झाकलेले शस्त्र देशभर बाळगण्याची मुभा दिली. निवृत्तांसाठीची सेवेची अट २०१० मध्ये १५ वर्षांवरून १० वर्षांवर आणली गेली. कायद्याच्या व्याख्येत बंदिवासाचे काम समाविष्ट आहे. परंतु अटकेचा वैधानिक अधिकारही आवश्यक असल्याने काही कारागृह अधिकाऱ्यांची पात्रता वादग्रस्त ठरली. भारतात असा देशव्यापी कायदा नाही. येथे प्रत्येक अर्जाचा निर्णय स्वतंत्रपणे होतो.