आधी काळा, मग पांढरा

पुण्यातल्या टीव्ही मेकॅनिकचा पहिला धडा सिंहगडाचा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला वरळीहून सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावर प्रक्षेपक बसला आणि पेठांमधल्या गच्च्यांवर, पत्र्यांवर अँटेना नैर्ऋत्येकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी धंद्यात आलो सत्तरच्या दशकाच्या मध्यावर, बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानात. उस्तादांनी सोल्डरिंग गन हातात देण्याआधी मला गच्चीवर पाठवलं. आडवा दांडा गडाकडे रोखायचा, खालून ‘मुंग्या कमी झाल्या’ अशी हाक आली की पाना आवळायचा.

टेकडीच्या आड असलेल्या घरांत मात्र अँटेना थेट गडाकडे रोखूनही भागत नसे. तिथे प्रत्येक माणसाच्या उजवीकडे त्याची फिकट सावली दिसायची. आम्ही तिला भूत म्हणायचो. डोंगरावर किंवा इमारतीवर आपटून आलेली लहर थेट लहरीपेक्षा तीनशे मीटर जास्त चालली, तर एक मायक्रोसेकंद उशिरा पोचते. वीस इंची पडद्यावर तेवढ्या उशिराचं भूत पाऊण सेंटीमीटर सरकतं. उस्ताद पट्टी लावून ते अंतर मोजायचे आणि लहर कुठून आपटून येत असेल, त्याचा अंदाज बांधायचे. मग अँटेना मुद्दाम थोडी तिरकी करायची. चित्र जरा फिकं होई, पण भूत जाई. हे गणित मला तेव्हाही सुंदर वाटलं आणि आजही वाटतं.

सेटवरची बटणं हा दुसरा धडा. कार्यक्रम संध्याकाळी असायचे आणि त्याआधी टेस्ट पॅटर्न लागायचा: चौकटी, बारीक रेघांचे झुपके आणि मधोमध वर्तुळ, सोबत एकसुरी शिट्टी. गिऱ्हाइकाकडे जायची आमची वेळ तीच. वर्तुळ अंड्यासारखं दिसलं तर मागच्या पेचांनी उंची आणि लिनिॲरिटी जुळवायची. चित्र वर-खाली पळत असेल तर व्हर्टिकल होल्ड. दोन्ही बाजूंनी काळ्या पट्ट्या आत सरकल्या असतील तर सेटला हात न लावता आधी घरातला व्होल्टेज बघायचा आणि स्टॅबिलायझर सुचवायचा.

फाइन ट्यूनिंग सगळ्यात नाजूक. आपल्या पद्धतीत आवाजाची लहर चित्राच्या लहरीपासून साडेपाच मेगाहर्ट्‌झवर असायची. बटण एका बाजूला जास्त गेलं की निवेदिकेच्या प्रत्येक शब्दाबरोबर चित्रावर आडवे पट्टे थरथरायचे. दुसऱ्या बाजूला गेलं की चेहऱ्याची धार जायची. या दोन्हींच्या मधली जागा कान आणि डोळा एकाच वेळी वापरून शोधावी लागे.

ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टचा क्रम उस्तादांनी कधी मोडू दिला नाही. कॉन्ट्रास्ट पूर्ण खाली आणायचा. ब्राइटनेस वाढवत न्यायचा, पडदा जेमतेम उजळला की किंचित मागे घ्यायचा. काळा रंग तिथे ठरतो. त्यानंतरच कॉन्ट्रास्ट चढवायचा आणि पांढरा ठरवायचा. बहुतेक घरांत लोक आधी कॉन्ट्रास्ट पिळायचे. मग काळ्या केसांच्या जागी राखाडी ढीग दिसायचा आणि पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्या नाहीशा व्हायच्या.

१९८२ साली रंग आले, नोव्हेंबरात दिल्लीच्या आशियाई खेळांनी ते घरोघर ओढून नेले. आपण पाल पद्धत घेतली होती. तिच्यात रंगाच्या संकेताचा एक घटक दर ओळीला उलटा होतो, त्यामुळे वाटेत आलेली चूक आपोआप फिटते. म्हणून आपल्या सेटना रंगछटेचं वेगळं बटण लागलंच नाही. आमच्या वाट्याला नवी दुखणी आली ती चुंबकाची. कुणी हौसेने मोठे स्पीकर सेटला चिकटवून ठेवायचा आणि कोपऱ्यात हिरवा-जांभळा डाग उमटायचा. डीगॉसिंगची कॉइल पडद्यासमोर गोल फिरवत हळूहळू मागे येत डाग पुसताना अख्खं घर बघायला जमायचं. पुढे होम थिएटरचे संच आले, तेव्हा त्यातल्या मधल्या स्पीकरला चुंबकीय आवरण असायचं, ते याच डागांपायी.

आता पिक्चर ट्यूब गेली, चुंबकाची भीती गेली, होल्डची बटणं गेली. ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट त्याच नावांनी मेनूत आहेत आणि त्यांचा क्रमही तोच आहे. दुकानात भपका दिसावा म्हणून ठेवलेला ‘व्हिव्हिड’ मोड मी घरात राहू देत नाही. तो बंद करतो, रात्रीचं दृश्य लावतो, काळ्या कोटाची घडी दिसेल एवढाच ब्राइटनेस ठेवतो.

आवाजाचंही तसंच. ‘संवाद ऐकू येत नाहीत आणि मारामारीत भिंती हादरतात,’ ही होम थिएटरवाल्यांची नेहमीची तक्रार. पाच-पॉइंट-एकमध्ये संवाद बहुतांशी मधल्या स्पीकरमधून येतात. ॲम्प्लिफायर एकेका स्पीकरमधून चाचणीचा सपाट खरखराट सोडतो. बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर मीटर धरून सगळे स्पीकर सारख्या डेसिबलवर आणायचे. एवढं करून संवाद दबलेच, तर फक्त मधला दोन डेसिबलने वाढवायचा, एकूण आवाजाला हात लावायचा नाही.