अक्षर, आकृती आणि अरण्यखूण : घोटी परिसराच्या इतिहासलेखनातील भाषेचा प्रश्न

प्रथम वर्ष कला वर्गाच्या विद्यार्थ्यांना प्रस्तुत लेखकाने एकदा आपापल्या गावाचा इतिहास दोन पृष्ठांत लिहून आणावयास सांगितले होते. घोटी-इगतपुरी परिसरातील वाड्या-पाड्यांवरून येणाऱ्या या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी कमीअधिक फरकाने एकच वाक्य लिहून आणले : आमच्या गावात जुनी कागदपत्रे नाहीत, त्यामुळे गावाला इतिहास नाही. हे वाक्य त्यांनी घरी ऐकलेले नव्हते. ते आपल्या विषयाच्या अध्यापनातूनच त्यांच्यापर्यंत पोहोचले होते. साधनांच्या अभ्यासात लिखित साधनांना पहिले स्थान देणे आवश्यक आहे, याविषयी दुमत नाही. परंतु लिखित म्हणजेच भाषिक आणि उर्वरित सर्व मूक, हे त्यामागचे गृहीतक तपासून पाहिले पाहिजे.

येथे ‘भाषा’ हा शब्द आलंकारिक अर्थाने योजलेला नाही. फर्डिनांद द सोस्यूर यांची १९१६ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेली व्याख्याने सर्वपरिचित आहेत. चिन्ह आणि त्याचा अर्थ यांचे नाते निसर्गसिद्ध नसून समाजाच्या संकेताने ठरते, हा त्यांतील विचार येथे पुरेसा आहे. संकेत माहीत नसलेला मनुष्य चिन्ह चुकीचे वाचतो. म्हणून जेथे चुकीचे वाचन संभवते तेथे भाषा आहे, अशी एक ढोबळ कसोटी मानता येईल. या कसोटीस शिलालेख उतरतो, शेंदूर लावलेला दगड उतरतो आणि भाताचे खाचरही उतरते.

आरंभ अर्थातच अक्षरापासून करावा लागतो. मुंबई-आग्रा महामार्गाने घोटीहून नाशिककडे जाताना शहराच्या अलीकडे पांडवलेणी लागतात. तेथील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या दोन आज्ञा ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत कोरलेल्या आहेत. पहिली त्याच्या राज्यवर्ष १८ मधील. पूर्वी उषवदाताकडे असलेले, पश्चिम काखडी गावातील दोनशे निवर्तने शेत त्रिरश्मी पर्वतावरील भिक्षूंना दिल्याचे ती सांगते. दुसरी राज्यवर्ष २४ मधील असून ती राजासोबत राजमातेच्याही नावे आहे. काखडीतील जे शेत आम्ही दिले होते ते कसले जात नाही आणि ते गावही वसलेले नाही, म्हणून नगराच्या सीमेवरील राजकीय शेतातून शंभर निवर्तने देत आहोत, असा तिचा आशय आहे.

या दोन लेखांचा विचार सातवाहनांचा कालक्रम व त्यांची दानपद्धती यांच्या संदर्भात पुष्कळ झाला आहे. प्रस्तुत लेखकाला त्यातील दुसरी गोष्ट अधिक बोलकी वाटते. केवळ पहिला लेख उरला असता, तर काखडीच्या उत्पन्नावर भिक्षुसंघ पोसला जात होता असे आपण निःशंकपणे लिहिले असते. पडीक शेत आणि ओस गाव काही वेगळेच सांगत होते. ते कोणीतरी जाऊन पाहिले, ओळखले आणि राजदरबारी कळवले. सहा वर्षांत दगडावरच्या शब्दाला दुरुस्त करण्यासाठी जमिनीला यावे लागले. गाव ओस का पडले, हे मात्र लेखात नाही.

अक्षराला आपली मर्यादा ठाऊक होती, याचा याहून स्पष्ट पुरावा घाट उतरल्यावर कोकणात मिळतो. शिलाहारकालीन दानलेखांच्या शिळांवर वर सूर्य, चंद्र व कलश, मध्ये लेख आणि खाली गाढव व स्त्री यांची बीभत्स आकृती आढळते. या शिळांना गधेगाळ म्हणतात. दान मोडणाऱ्यास दिलेली ती शिवी आहे. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातील अपरादित्याचा परळ येथील लेख या दृष्टीने फार बोलका आहे. त्याचा मुख्य भाग संस्कृतात, अखेरची शापवाणी मराठीत आणि त्याच शापाची आकृती दगडावर. शं. गो. तुळपुळे यांच्या १९६३ च्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या ग्रंथामुळे हा लेख मराठीच्या अभ्यासकांना सुपरिचित झाला. भाषेच्या इतिहासात त्यातील मराठी ओळींना आपण मोठे स्थान देतो, आणि ते योग्यच आहे. परंतु एकाच आज्ञेचे हे तीन पदर तीन वाचकांसाठी आहेत, हे बहुधा नजरेआड होते. संस्कृत पंडितांसाठी व राजप्रतिष्ठेसाठी, मराठी ऐकणाऱ्या गावकऱ्यांसाठी आणि आकृती ज्याला कोणी वाचून दाखवणार नाही त्याच्यासाठी. दानाची ग्वाही सूर्य-चंद्राच्या आकृतीने दिली, तर ‘आचंद्रार्क’ हा शब्द वाचता न येणाऱ्यालाही तिचा अर्थ कळत होता.

इगतपुरीजवळच्या त्रिंगलवाडी किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या जैन लेण्यात ऋषभनाथांच्या मूर्तीवर शके १२६६ (इ. स. १३४४) चा संस्कृत लेख आहे. तालुक्याच्या इतिहासाचे विवेचन बहुधा अशा लेखांवरून किल्ल्यांकडे व किल्ल्यांवरून एकोणिसाव्या शतकातील थळघाटाच्या रेल्वेमार्गाकडे वळते. या मार्गावर वीरगळ कोठेतरी एका ओळीत येतो. त्याचे वाचन खालून वर करावयाचे असते : तळाशी लढाई किंवा गोधनाचे हरण, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. ज्याचे नाव कोठेही लिहिले गेले नाही अशा मनुष्याच्या मृत्यूचे हे वृत्त आहे आणि त्याला स्वतःचे व्याकरण आहे.

वीरगळापेक्षाही अधिक दुर्लक्षित राहिला तो वाघदेव. महादेव कोळी, ठाकर, वारली या समाजांच्या वस्त्यांच्या शिवेवर लाकडी फळीवर किंवा दगडावर वाघ, सूर्य, चंद्र, क्वचित नाग कोरलेला आढळतो. आश्विन वद्य द्वादशीला, वाघबारसेला, त्याची पूजा होते. ही आकृती एकाच वेळी देवता आहे, जनावराशी केलेला करार आहे आणि वस्तीची हद्दही आहे. तिच्यावरील सूर्य-चंद्र दानशिळांवरील सूर्य-चंद्रांचेच वंशज आहेत काय, असा मोह होतो. परंतु केवळ साम्यावरून तसे विधान करणे धाडसाचे ठरेल. लाकूड कुजते, नवी फळी कोरली जाते, त्यामुळे कालनिश्चितीचे नेहमीचे मार्ग येथे चालत नाहीत. म्हणून साधन त्याज्य ठरत नाही. ते काळाविषयी अल्प आणि जागेविषयी पुष्कळ सांगते, एवढाच त्याचा अर्थ.

निसर्गाच्या भाषेविषयी लिहिताना अधिक सावध राहिले पाहिजे, कारण या विषयावर आपल्याकडे भाबडे लेखन विपुल आहे. पावशा पक्षी शेतकऱ्याला ‘पेर्ते व्हा’ असे सांगतो, हे आपण बालपणापासून ऐकतो. हिंदी भाषकाला त्याच पक्ष्याच्या ओरडण्यात ‘पी कहाँ’ ऐकू येते आणि वसाहतकाळातील इंग्रजांना ‘ब्रेन फीव्हर’ ऐकू आले. पक्षी विणीच्या हंगामात ओरडतो. पेरणीचा निरोप त्यात शेतीवर जगणाऱ्या समाजाने ऐकला. निसर्ग स्वतः बोलत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून समाज त्याच्या खुणांना अर्थ देतो, आणि हा अर्थ देण्याचा व्यवहार हाच इतिहासाचा विषय आहे.

या व्यवहारात दोन वाचकांची गाठ पडली की काय होते, याचे उदाहरण ‘राब’ या शब्दात सापडते. भाताचे रोप जेथे टाकावयाचे त्या तुकड्यावर उन्हाळ्यात शेण, टहाळ, पालापाचोळा व माती यांचे थर देऊन ते भाजतात. तणाचे बी जळते, राख मिळते, पाऊस पडताच रोप जोमाने उगवते आणि पुढे खाचरात आवणी होते. शेतकऱ्याच्या लेखी तो धूर येत्या पिकाची पहिली खूण. १८७८ च्या वन कायद्यानंतर वनखात्याने मात्र तोच धूर झाडांच्या नाशाची खूण म्हणून वाचला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील राबाचा व टहाळतोडीचा वाद इतका वाढला की १८८५ मध्ये नेमलेल्या मुंबई वन आयोगाला त्याचा विचार करावा लागला. शेतकरी आणि अधिकारी एकाच मराठीत बोलत असतील. पण डोंगराकडे पाहताना त्यांची भाषा एक नव्हती.

ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. ठाकरी, वारली, काथोडी या बोलींची दखल त्यात घेतली आहे, हे त्याचे ऋण मान्यच आहे. तथापि तुलनेच्या सोयीसाठी सर्वेक्षणाने बायबलमधील उधळ्या पुत्राच्या दृष्टांताचे भाषांतर ठिकठिकाणांहून मागवले. त्या दृष्टांतात राब नाही, आवणी नाही, शिवेवरचा वाघ नाही. बोलीचे प्रत्यय टिपले गेले. बोली ज्या गोष्टींसाठी बोलली जात होती त्या बहुतांशी बाहेर राहिल्या.

हा प्रश्न केवळ अकादमिक असता तर एवढा विस्तार करण्याचे कारण नव्हते. २००६ च्या वन हक्क कायद्याखालील २००८ च्या नियमांत तेराव्या नियमाने पुराव्यांची यादी दिली आहे. शासकीय अभिलेखांच्या बरोबरीने तिच्यात जमिनीचे सपाटीकरण, बांध, विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थाने आणि ज्येष्ठांचे लेखी नोंदवलेले निवेदन यांचा समावेश आहे. म्हणजे आपल्या अभ्यासक्रमाने ज्याला अद्याप साधन मानले नाही, त्याला कायद्याने पुरावा मानले आहे. शिवेवरचा वाघदेव व डोंगरउतारावरचा जुना बांध यांचे वाचन करू शकणारा पदवीधर गावाला हवा आहे, आणि तो आपण घडवत नाही.

विभागातील काही विद्यार्थ्यांना याच हेतूने एका पाड्यावरील ज्येष्ठांची निवेदने लिहून घेण्यास पाठवले होते. आजोबांनी सांगितले होते : ‘आम्ही इथं राब भाजत आलोय.’ विद्यार्थ्याने प्रमाण मराठीत शुद्ध करून लिहिले : ‘अर्जदार सदर ठिकाणी कचरा जाळत आले आहेत.’ त्याच्या दृष्टीने ती भाषेची सुधारणा होती, आणि शुद्धलेखनाची एकही चूक तिच्यात नव्हती. कसणुकीचा पुरावा मात्र त्यातून नाहीसा झाला होता. ते पान बाजूला ठेवून आजोबांचे वाक्य जसेच्या तसे लिहिण्यात आले आणि राब म्हणजे काय, ते त्याच विद्यार्थ्याने पुन्हा पाड्यावर जाऊन, आजोबांना विचारून, समासात लिहून आणले.