बऱ्हाणपूरचं ऊन आणि जमिनीखालचं पाणी

मे महिन्यात बऱ्हाणपूर बघायला निघालो, तर घरच्यांनी वेड्यात काढलं. असोद्याहून भुसावळ, सावदा, रावेर करत शंभरेक किलोमीटर. उतरलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, रस्त्यावर उन्हाशिवाय कोणी नव्हतं. मंडळी, ही आपल्या जुन्या खान्देशची राजधानी. आज मध्य प्रदेशात आहे म्हणून आपण तिला परकी धरून बसलोय.

फारुकी सुलतानांनी वसवलेलं हे शहर. जामा मशिदीत अरबीसोबत संस्कृत शिलालेखही आहे, तो चुकवू नका. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती गेला, फारुकी संपले आणि इथे मोगलांचा दक्षिणेचा तळ पडला. १७ जून १६३१ ला मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात इथेच वारली. आग्र्याला नेईपर्यंत तिचं दफन तापीपलीकडे जैनाबादेत होतं. शाही किल्ल्याच्या हमामात गाईड हे सगळं रंगवून सांगतात. त्याच वर्षी खान्देश-गुजरातेत माणसं दुष्काळात मरत होती, ते मात्र कोणी सांगत नाही.

मी खरा गेलो होतो कुंडी भंडारा बघायला. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांचा वकील सर टॉमस रो सुरतेहून नंदुरबारमार्गे इथे आला. त्याला थोडे वाडे सोडले तर सगळी मातीची घरं दिसली, आणि बिचारा तापाने आडवा झाला. त्याच साली अब्दुर रहीम खानखाना (आपल्या शाळेतल्या दोह्यांचे रहीम, तेच) जमिनीखालून शहरात पाणी आणत होते. ते रोला दिसलं नसावं.

लिफ्टने ऐंशीएक फूट खाली गेलो. वर डोकं भणभणत होतं, खाली अंगावर गारवा आला. सातपुड्यात मुरलेलं पाणी उताराने तापीकडे जातं. इराणी जाणकार तबकुतुल अर्झ याने ते वाटेतच अडवलं. ओळीने शंभरावर कुंड्या खोदल्या, आतून भुयाराने जोडल्या. ना मोट, ना पंप, नुसता उतार. भिंतींवर चुन्याचे पांढरे थर साचलेत, पण पाणी अजून वाहतं. २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्याचं नाव गेलंय.

पण नाव यादीत जाऊन पाणी वाढत नाही. ज्या भूजलावर कुंड्या भरतात, तेच आजूबाजूच्या केळीच्या बोअरवेली उपसतात. आपल्या रावेर-यावलमध्येही तीच गत आहे. सातपुड्याच्या पायथ्याचा बझाडा पट्टा पाणी पिऊन घेतो म्हणून आपली केळी आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाने त्या पट्ट्यातून वाहून येईल तेवढंच घेतलं. आपण खोल जाऊन मुद्दलच काढतोय.

तापी मेगा रिचार्जसाठी दोन्ही राज्यांनी मे २०२५ मध्ये भोपाळला करार केला. त्याच्या बातम्या आम्हीच छापल्या, फोटोसकट. पाणी मुरल्याची बातमी अजून छापायची आहे.

परतीला रावेरजवळ चहाला थांबलो. शेजारच्या बागेत बोअर मारायची गाडी धुरळा उडवत होती. टपरीवाल्याला विचारलं, किती फुटांवर लागलं? म्हणाला, "भाऊ, अजून लागलंच नाही."

तुमच्या शिवारात बोअर किती फुटांवर गेलंय, गावाच्या नावासकट कळवा. आकडे जमवतोय.