परवडणारी आरोग्यसेवा आणि कायदा : गगनबावडा तालुका

उपचारांचा खर्च सर्वांच्या आवाक्यात आणण्यासाठी केलेले कायदे, न्यायालयीन आदेश व शासन निर्णय आणि त्यांचे कोल्हापूर जिल्ह्यातील गगनबावडा या घाटमाथ्यावरील तालुक्यात दिसणारे परिणाम. महाराष्ट्रात आरोग्यसेवेचा हक्क देणारा स्वतंत्र कायदा नाही. राजस्थानाने तसा कायदा मार्च 2023 मध्ये, खासगी डॉक्टरांच्या मोठ्या संपाला तोंड देत संमत केला. महाराष्ट्रात त्याची मागणी जन आरोग्य अभियानासारख्या संघटना करीत आल्या आहेत. प्रत्यक्षात येथे आहे ती निरनिराळ्या निमित्तांनी, निरनिराळ्या खात्यांनी विणलेली गोधडी. कामगार विमा 1948 चा, धर्मादाय खाटांची तरतूद 1985 ची, विमा योजना 2012 ची आणि अपघातग्रस्तांसाठीची योजना 2025 ची. यांतील काही भाग विधिमंडळाने किंवा संसदेने केलेले, तर बरेचसे केवळ मंत्रिमंडळाच्या निर्णयावर उभे. रुग्णाच्या नातेवाइकाला हा फरक एरवी जाणवत नाही. रुग्णालयाने नकार दिला की मात्र दाद कोठे मागायची, हे त्यावरच ठरते.

तालुका. गगनबावडा हा लोकसंख्येने जिल्ह्यातील सर्वांत लहान तालुका. 2011 च्या जनगणनेत ती सुमारे 36 हजार होती. संस्थानकाळात हा मुलूख पंत अमात्य बावडेकरांच्या जहागिरीत मोडे. जिल्ह्यातील सर्वाधिक पाऊस येथेच पडतो. कोल्हापूर शहर सुमारे 55 किलोमीटरवर असून तेथे जाणारा मुख्य रस्ता एकच, राष्ट्रीय महामार्ग 166 जी. कुंभी फुगली की तो मांडुकलीजवळ पाण्याखाली जातो आणि भोगावतीला पूर आला की शहराच्या तोंडाशी बालिंग्याचा पूल बंद होतो. पश्चिमेला करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट कोकणात उतरतात. पैकी करूळ घाट रस्त्याच्या कामासाठी जानेवारी 2024 पासून वर्षभराहून अधिक काळ बंद होता. या नोंदीत भूगोल पुन्हा पुन्हा येणार आहे, कारण कायद्याने उपचाराचे बिल खाली आणले तरी उपचारापर्यंतची वाट तेवढीच राहिली. गगनबावड्यात खर्चाचा मोठा वाटा आता बिलातून निघून वाटेवर जाऊन बसला आहे.

सरकारी दवाखाने आणि 15 ऑगस्ट 2023. डोंगरी भागासाठीचे निकष सपाटीपेक्षा उदार आहेत. सपाटीवर 30 हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते, तर डोंगरी व आदिवासी भागात 20 हजारांमागे. उपकेंद्र 5 हजारांऐवजी 3 हजारांमागे. तालुक्यात निवडे व गारिवडे येथे प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि गगनबावडा येथे ग्रामीण रुग्णालय आहे. राज्यात ग्रामीण रुग्णालयाचा ठरलेला आकार 30 खाटांचा असतो. मात्र निकष माणसे मोजतो, अंतर मोजत नाही. वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंत रुग्णाला झोळी करून आणावे लागणाऱ्या धनगरवाड्यांसाठी 3 हजारांचा आकडा फारसा बोलका नाही.

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व दवाखान्यांत तपासणी, चाचण्या आणि उपचार मोफत झाले. प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत केसपेपरचे पैसेही उरले नाहीत. केसपेपरचे दहा रुपये ही रक्कम क्षुल्लक होती; खरा फरक पडला तो रक्त-लघवीच्या तपासण्या, क्ष-किरण आणि दाखल राहण्याच्या शुल्कात. हा निर्णय मंत्रिमंडळाचा होता, अधिनियम नव्हे, आणि तो एकाच विभागापुरता होता. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने त्यातून सुटली. कोल्हापुरात जिल्हा रुग्णालयाची जागा जे भरून काढते ते छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे सीपीआर, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे. त्यामुळे गगनबावड्याहून ‘कोल्हापूरला हलवा’ असे लिहून दिलेला रुग्ण एका खात्याच्या मोफत दवाखान्यातून दुसऱ्या खात्याच्या, नियम वेगळे असलेल्या रुग्णालयात जातो. गावोगावी सीपीआरला आजही थोरला दवाखाना म्हणतात आणि तो कोणत्या खात्याचा हे रुग्णाने जाणून असावे, अशी अपेक्षा कोणी करू नये.

सेवा मोफत झाली तरी गोळी शिल्लक असेलच असे नाही. औषध बाहेरून आणायला सांगितले की मोफत उपचार पुन्हा पैशांचा होतो. औषध खरेदीतील अडचणी ही राज्याची जुनी दुखणी. 2017 पासून खरेदी हाफकिन महामंडळाकडे होती. तिच्यातील विलंबावर बरीच टीका झाल्यावर 2023 मध्ये महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा झाला. आरोग्याच्या चर्चेत असे कोरडे कायदे मागे पडतात. वाडीवरच्या रक्तदाबाच्या रुग्णाला मात्र महिन्याची गोळी मिळते की नाही, हे अशाच कायद्याच्या अंमलबजावणीवर ठरते.

जीवनदायीपासून फुले योजनेपर्यंत. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2 जुलै 2012 रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत कोल्हापूर नव्हते. ते 21 नोव्हेंबर 2013 रोजी, उरलेल्या राज्याबरोबर आले. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेवरील कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत 971 प्रकारचे उपचार यादीतील रुग्णालयांत रोख न भरता मिळू लागले. 2017 मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले आणि 1 एप्रिल 2020 पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली.

या काळात पात्रता शिधापत्रिकेच्या रंगावर होती. केशरीची उत्पन्नमर्यादा एक लाख रुपये. पांढरे कार्ड असलेल्या शेतकऱ्यांना सवलत मिळाली ती मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा या शेतकरी आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांत. दोन-तीन एकर उसावर आणि घरातील एकाच्या पगारावर चालणारे गगनबावड्यातील कुटुंब या दोन्ही चाळण्यांतून खाली पडे. गरीब म्हणण्याइतके गरीब नाही, पण बायपासचे बिल भरण्याइतके सधनही नाही, अशी ही स्थिती. कोविडच्या साथीत योजना तात्पुरती सर्वांना खुली झाली. जुलै 2023 च्या शासन निर्णयाने उत्पन्नाची अट काढून सर्व शिधापत्रिकाधारकांना व अधिवासी कुटुंबांना सामावून घेतले आणि मर्यादा कुटुंबामागे पाच लाखांवर नेली. 1 जुलै 2024 पासून अंमल सुरू झाला. उपचारांची यादी तेव्हा 1,356 ची होती.

योजनेचा सर्वांत ठसठशीत परिणाम हृदयविकार, मूत्रपिंडाचे आजार आणि कर्करोग यांत दिसतो. पूर्वी अँजिओप्लास्टीसाठी जनावर किंवा जमिनीचा तुकडा विकला जाई, नाहीतर सोसायटीचे कर्ज भलत्याच कारणी लागे. आता रुग्णालयाच्या दाराशी आरोग्यमित्र बसतो, शिधापत्रिका व आधार पाहतो आणि उपचाराची मंजुरी मागवतो. याच्या जोडीला एक खरोखरचे कायदेशीर हत्यारही आहे. जीवनावश्यक वस्तू अधिनियम, 1955 खालील 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाचा वापर करून फेब्रुवारी 2017 मध्ये हृदयातील स्टेंटची कमाल किंमत ठरवली गेली. लाखाच्या घरात विकला जाणारा औषधलेपित स्टेंट तेव्हा 29,600 रुपयांवर आला. ऑगस्ट 2017 मध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांचेही तसेच झाले. ज्याच्याकडे कोणतेच कार्ड नव्हते त्यालाही या किंमतबंदीचा लाभ मिळाला, आणि या नोंदीतील सर्व उपायांत सर्वांत कमी कागदपत्रांत सर्वांपर्यंत पोचलेला उपाय बहुधा हाच.

मर्यादा योजनेच्या रचनेतच आहेत. ती मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे; दम्याचा फवारा, मधुमेहाची गोळी, दर महिन्याची तपासणी तिच्यात बसत नाही. मोठ्या शस्त्रक्रिया करणारी रुग्णालये कोल्हापूर शहरात एकवटली आहेत. डायलिसिसचे पैसे लागत नाहीत, पण आठवड्यातून दोन-तीनदा गगनबावड्याहून जाऊन येण्याचे भाडे, सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज आणि बाहेरचे जेवण ही बेरीज कोणत्याही मंजुरीत धरलेली नसते. काही रुग्णालये पॅकेजची रक्कम अपुरी म्हणून वरचे पैसे मागतात. तक्रारीची सोय आहे, पण तक्रार करणाऱ्याला पुन्हा त्याच डॉक्टरांकडे जायचे असते.

ऊस आणि कामगार विमा. कर्मचारी राज्य विमा अधिनियम, 1948 हा आरोग्यसेवेचा खराखुरा हक्क देणारा देशातील जुना कायदा, 2025 पर्यंत लागू असलेला. वर्गणी भरणाऱ्या कामगाराला व त्याच्या कुटुंबाला उपचार आणि आजारपणातील वेतन तो कायद्याने देई. पण तो केवळ हंगामी चालणाऱ्या कारखान्यांना लागू होत नसे, आणि हंगामी उद्योगांच्या त्याच्या व्याख्येत चहा, कॉफी, नीळ यांच्याबरोबर साखर आणि गूळही होता. ज्या जिल्ह्याचे अर्थकारण ऊस, साखर आणि गुऱ्हाळे यांभोवती फिरते तेथे ही वगळणूक साधी तळटीप ठरत नाही. तालुक्यातील एकमेव मोठा उद्योगही असळजजवळचा डॉ. डी. वाय. पाटील सहकारी साखर कारखाना हाच. मराठवाड्यातून येणारे ऊसतोड मजूर तर या कायद्याच्या आसपासही फिरकत नसत. मुकादमाची उचल घेऊन आलेल्या कोयत्याला, म्हणजे ऊसतोड जोडीला, मालक कोण, हेच कागदावर नसते. त्यांच्या दृष्टीने फुले योजना अधिक कामाची, कारण बीडची शिधापत्रिका कोल्हापुरातील रुग्णालयातही चालते. अर्थात ती गावाकडे पेटीत न ठेवता सोबत आणली असेल तर.

धर्मादाय खाटा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 मध्ये 1985 साली कलम 41 कक घातले गेले. त्यातून निघालेली योजना मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मंजूर केली. विश्वस्त संस्थांच्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या. एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची. तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करून घ्यायचे, हेही त्यात आहे. एप्रिल 2025 मध्ये पुण्यात एका गर्भवतीकडे मागितलेल्या अनामत रकमेवरून वाद पेटला, तेव्हा हे कलम अनेकांना प्रथमच कळले. गगनबावड्याच्या रुग्णाला हा हक्क वापरायचा तर शहरातील धर्मादाय रुग्णालय माहीत हवे आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हाताशी हवा. दाखल्यासाठी 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने मुदत घालून दिली आहे; आजार मात्र ती मुदत पाहून येत नाही.

घाट आणि तातडीची सेवा. जीव वाचवणारा उपचार नाकारणे म्हणजे घटनेच्या कलम 21 चा भंग, असे सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधील शेतमजूर समितीच्या प्रकरणात 1996 मध्ये सांगितले. खाट नाही किंवा पैसा नाही हे कारण सरकारला पुढे करता येणार नाही, असा त्याचा आशय. महाराष्ट्रात या तत्त्वाला चाके मिळाली 2014 मध्ये, 108 क्रमांकाच्या 937 रुग्णवाहिकांच्या रूपाने. बाळंतपणासाठी व नवजातासाठी 2011 च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने वाहन, औषध, रक्त, जेवण मोफत केले होते.

दोन घाट आणि साखर हंगामातील ट्रॅक्टर-ट्रॉल्या असलेल्या या तालुक्याला सर्वांत जवळचा ठरावा असा कायदा म्हणजे मोटार वाहन अधिनियमातील 2019 चे सुधारित कलम 162. अपघातानंतरच्या पहिल्या महत्त्वाच्या तासात रोकडविरहित उपचारांची योजना करणे त्याने केंद्र सरकारवर बंधनकारक केले. योजना वर्षानुवर्षे आलीच नाही. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुदत घालून दिली आणि मे 2025 मध्ये ती अधिसूचित झाली. अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार, शिधापत्रिकेचा वा राज्याचा प्रश्न न विचारता. शासन निर्णयाची अंमलबजावणी रखडली तर लोक निवेदन देतात. कायद्याची रखडली तर न्यायालयात जाता येते, याचे हे ताजे उदाहरण आहे. करूळच्या वळणावर मात्र तो पहिला तास कोल्हापूर गाठण्यातच संपतो.

बाहेरचे जग. थायलंडने 2002 मध्ये राष्ट्रीय आरोग्य सुरक्षा कायदा करून भेटीमागे 30 बाटमध्ये उपचारांच्या योजनेला कायद्याचा आधार दिला, आणि जिल्हा रुग्णालये व ग्रामीण डॉक्टर आधीपासून उभे असल्याने कायदा चालला. ब्रिटनमध्ये 1946 च्या कायद्याने 5 जुलै 1948 रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. त्याच 1946 मध्ये भारतात भोर समितीने पैसे देण्याची ऐपत नसल्याने कोणी उपचारांवाचून राहू नये, असे म्हटले होते. भारतात एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला, असे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. घट मोठी आहे. पण कोविडकाळातील वाढीव सरकारी खर्चाची सावली त्या शेवटच्या आकड्यावर आहे.

सीमा. कोल्हापूर हे जिल्ह्यापुरते वैद्यकीय केंद्र नाही. वैभववाडी व कणकवलीकडील रुग्ण घाट चढून येथे येतात, दक्षिण सिंधुदुर्गातील गोव्यात बांबोळीला जातात. गोवा सरकारने जानेवारी 2018 पासून बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात परराज्यातील रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडीकडे मोठी नाराजी पसरली. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला आपला दवाखाना मानले तो एका आदेशाने परका झाला. उलट दिशेने, महाराष्ट्राने 2023 मध्ये फुले योजना कर्नाटकातील 865 सीमावर्ती मराठी गावांना लागू करण्याचे ठरवले. कर्नाटक सरकारने त्याला हरकत घेतली. तेथील रहिवाशाकडे महाराष्ट्राची शिधापत्रिका नसते, म्हणून त्याच्यासाठी पात्रतेचे वेगळे पुरावे ठरवावे लागले.